नीलम्माचे वरचे दोन दात

घाटनांदूरच्या महिला दूध संस्थेची चेअरमन नीलम्मा भित्री आहे असं कोणी म्हटलं असतं, तर गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. नवरा गेल्यावर तिनं किराणा दुकान हिमतीनं चालवलं, मुलाला हाताशी धरलं, आणि ज्या बायकांना घरात कोणी विचारत नव्हतं त्यांना गोळा करून संस्था उभी केली. दुधाला नावं ठेवणाऱ्या एका सुपरवायझरला तिनं सगळ्यांसमोर असं झाडलं होतं, की पुढं तो गावात शिरताना आधी नीलम्मा कुठं आहे याची चौकशी करायचा. पण ही झाली बाहेरची नीलम्मा. दवाखाना दिसला की तिची बोबडी वळायची. नातवाला सुई टोचायची असली तरी ही बाहेर ओट्यावर पाठ करून बसायची. देवानं सगळं धाडस आमच्या आत्याच्या जिभेत घातलं आणि बाकीच्या अंगाला काही ठेवलंच नाही, असं तिची सून गंगासागर म्हणायची. हसत होती तेव्हा म्हणायची. टँकरच्या त्या दिवसानंतर ती हसायचीच बंद झाली.

मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, तो उन्हाळा. टँकर कधी यायचा याचा नेम नव्हता, आणि आला की गावातलं सगळं नातंगोतं तोटीपाशी संपायचं. सासू-सून दोघी झुंबडीत होत्या. गंगासागरनं पितळी घागर भरून उचलली, कडेवर घ्यायला वळली, तेवढ्यात मागून गर्दीचा लोंढा आला आणि घागरीचा काठ सणकन् नीलम्माच्या तोंडावर बसला. वरचा पुढचा एक दात तिथंच चिखलात पडला. दुसरा लोंबत राहिला, तो दुसऱ्या दिवशी काढावा लागला. गंगासागरच्या हातून घागर सुटली, पाणी सांडलं, आणि ती सासूच्या तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी उभी राहिली. नीलम्मा मात्र तोंडातून रक्त येत असतानाही सांडलेल्या पाण्याकडंच बघत होती. त्या दिवसांत सगळ्यांचं तसंच झालं होतं.

गावाला तेवढंच पुरलं. दूध केंद्रावर बायनाबाई नावाची एक सभासद होती, जिभेला हाड नसलेली. तिनं दुसऱ्याच दिवशी घोषणा केली, की चेअरमनचे दात विरोधी पार्टीनं न्हाई पाडले, घरच्या सुनेनंच पाडले. मनात वाईट काही नव्हतं, पण बोलणं चटकदार होतं आणि चटकदार बोलणं दुष्काळातही वाळत नाही. पारावर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात, जिथं तिथं गंगासागर दिसली की कोणीतरी घागर सांभाळून धर म्हणायचं. त्यात नीलम्माचा मुलगा ईश्वरप्पा. माणूस गरीब, पण कधी काय बोलावं ते न कळणारा. जेवताना एकदा म्हणून गेला, की मायचं तोंड बघवत न्हाई. गंगासागर चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती केंद्रावर जायची बंद झाली, दूध शेजारणीच्या हाती पाठवू लागली आणि जेवायला बसली की भिंतीकडं तोंड करून बसू लागली.

नीलम्मानं तिला सतरांदा सांगितलं, गर्दीच तशी होती, तुझा काय दोष. गंगासागर हूं म्हणायची आणि खाली बघायची. कारण सांगणाऱ्या तोंडातच ते खिंडार होतं. नीलम्मा जितकं समजावायला जायची तितकी तिच्या बोलण्यातून हवा फसफसायची. 'संस्थेच्या सर्व सभासदांना' एवढं म्हणताना तिच्या नाकी नऊ यायचे, आणि सकाळच्या पूजेत 'नमः शिवाय' म्हणताना 'शि' ओठातून निसटून जायचा. देव समजून घेईल, एवढं तिला ठाऊक होतं. सून समजून घेत नव्हती.

मग एक काढघालीची कवळी बसवली. ती तर आगीत तेल ठरली. केंद्रावर दूध मोजताना नीलम्मा कोणावर तरी ओरडली आणि कवळी टुणकन् उडून भरलेल्या कॅनमध्ये पडली. मग जे हसणं उसळलं ते चार गल्ल्या ऐकू गेलं. कॅनभर दूध फेकावं लागलं, वैरणीला महाग झालेल्या बायकांचं दूध. ते घरी कळलं तेव्हा गंगासागर त्या दिवशी जेवली नाही. नीलम्मानं कवळी कनवटीला खोचली आणि मनाशी ठरवलं, की आता दात बसवायचे ते हाडात पक्के बसणारे. स्वतःच्या तोंडाचं तिला फार नव्हतं, भाकरी कुस्करून खाता येत होती. पण सासूच्या तोंडात दोन दात घट्ट दिसल्याशिवाय ही पोर मान वर करणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

अंबाजोगाईला एक तरुण डॉक्टरबाई असे दात बसवायची. तिनं समजावून सांगितलं, की एकेका दातासाठी हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा, तीन-चार महिन्यांत हाड त्याला धरतं, मग त्यावर दात चढवायचा. नीलम्मानं स्क्रू हा शब्द ऐकला आणि पुढचं तिला काहीच ऐकू आलं नाही. तो वर डोळ्यात निघाला तर, असं तिला विचारायचं होतं, पण दातखीळ बसली होती.

पहिला प्रसंग एक्स-रेपाशीच आला. मशीनवरच्या पोरीनं गळ्यातलं सगळं काढून ठेवा म्हणून सांगितलं. नीलम्मानं बोरमाळ काढली, काळा दोरा काढला, आणि चांदीच्या डबीतल्या इष्टलिंगावर हात ठेवून उभी राहिली. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. अंघोळीला नाही, बाळंतपणात नाही. पोर म्हणाली, दोनच मिनिटं, टेबलावर ठेवा. दात गेले तरी चालतील, पण हे टेबलावर नाही. शेवटी गंगासागरनंच तोड काढली. आत्या, पूजेला घेताव तसं हातावर घ्या, म्हणाली. मग नीलम्मा डाव्या तळहातावर लिंग घेऊन, हात खाली सोडून, डोळे गच्च मिटून मशीनमध्ये उभी राहिली. मशीन डोक्याभोवती फिरत होतं आणि तिच्या ओठातून तो निसटता 'शि' पुन्हा पुन्हा जात होता.

मग डॉक्टरबाईनं विचारपूस केली. साखर आहे का, बीपी आहे का. तंबाखू, गुटखा, बिडी? सोबत आलेला ईश्वरप्पा छाती काढून म्हणाला, की आमच्या घरात सुपारीचं खांडसुदिक न्हाई. नीलम्मानंही मान हलवली, आणि अगदी निर्मळ मनानं हलवली.

इथं मिसरीचं सांगायला हवं. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. डोकं हलकं होतं, पोट साफ होतं, भूकही जरा दबते. आमच्याकडं याला व्यसन कोणी म्हणत नाही. पुरुष खातात ती तंबाखू, बायका लावतात ती मिसरी. दात घासल्याबद्दल डॉक्टरला काय सांगायचं? नीलम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून मिसरी लावत होती. आणि चांगल्या सुनेच्या कामात सासूची मिसरी भाजून देणं आलंच, ते गंगासागर मनापासून करायची.

ऑपरेशनच्या दिवशी नीलम्मा गंगासागरचा हात धरून दारापर्यंत आली. हिरडी बधिर केली, दुखलं काहीच नाही, पण आवाज आला. रानात बोअरची गाडी लागते तसा घरघराट, आणि तो बाहेरून नाही, आपल्याच कवटीतून. त्या वर्षी गावात कितीतरी बोअर घेतले गेले आणि नुसता फुफाटा उडाला होता. आपल्याही हाडात फुफाटाच निघाला तर? तिनं खुर्चीचा दांडा इतका आवळला की नंतर बोटं सोडवावी लागली. बाहेर आली तेव्हा गंगासागर दाराशी उभी होती, तिच्यापेक्षा पांढरी पडलेली.

डॉक्टरबाईनं निघताना सगळं नीट सांगितलं. आठवडाभर बोटसुद्धा लावायचं नाही, मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं चूळ भरायची, मऊ खायचं. नंतर मऊ ब्रशनं दोन वेळा साफ करायचं. दाताच्या बुडाशी घाण साचू द्यायची नाही. मूळ दात दुखून तरी सांगतो, हा सांगणार नाही, आणि सफाईत हयगय झाली तर हाड स्क्रूला सोडून देईल. हे शेवटचं वाक्य गंगासागरनं काळजात कोरून ठेवलं.

आठवडाभर नीलम्मानं बोट लावलं नाही. डोकं ठणकलं, पोट फुगलं, पण धीर धरला. आठवडा सरला तसा गंगासागरनं नवा ब्रश काढून दिला. तो तोंडाकडं वळला की नीलम्मा ओठ मिटून घ्यायची. एवढा चांगला बसवलेला स्क्रू ह्या खराट्यानं हलला म्हणजे? शिवाय पेस्टचा फेस धुवायला तांब्याभर पाणी लागायचं, आणि तांब्याभर पाण्यात घरातलं एक लेकरू अंघोळ करायचं. आपलं बोट कसं, ओळखीचं. कुठं किती दाबायचं ते त्याला कळतं. मग गंगासागरनं एक युक्ती केली. मिसरीत एखादा खडा राहून हिरडीला टोचू नये म्हणून ती भाजल्यावर पाट्यावर वाटली आणि जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ केली. काजळासारखी मऊ मिसरी. सकाळी तर लावायचीच, आता दुपारी जेवल्यावर आणि दिवेलागणीलाही लावायची असं सुनेनं ठरवून दिलं, कारण डॉक्टरबाईनं सफाईत हयगय नको म्हटलं होतं. दोघी न्हाणीपाशी बसायच्या, एकाच डबीतून घ्यायच्या, आणि गंगासागर वाकून बघायची, आत्या, त्या कडंला राह्यलं बघा. डॉक्टरबाईकडं जायचं त्या दिवशी मात्र ब्रश निघायचा, पाहुण्यांपुढं चांगली कपबशी काढावी तसा.

दोन्ही स्क्रू हाडानं धरले. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यावर दोन दात चढले, इतके बेमालूम की बायनाबाईनं बोट लावून बघू का म्हणून विचारलं. नीलम्मानं केंद्रावर 'सर्व सभासदांना' असं खणखणीत म्हणून दाखवलं. गंगासागर त्या दिवशी स्वतः दूध घेऊन आली होती. सासूचं ते ऐकून ती आधी ओठ दाबून राहिली आणि मग खळाळून हसली. कितीतरी महिन्यांनी. नीलम्मानं त्या हसण्यावरून दातांची किंमत केली आणि तिला ते स्वस्त वाटले.

दर सहा महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरबाईनं बजावलं होतं. पण चांगल्या चाललेल्या गोष्टीसाठी दवाखान्याच्या त्या पायऱ्या पुन्हा कशाला चढायच्या? नीलम्मा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. पाऊस एका वर्षी अर्धवट पडला आणि पुढच्या वर्षी पडलाच नाही. एका दुष्काळात दात पडले होते, दुसऱ्या दुष्काळात ते हलायला लागले.

आधी हिरडी सुजली. मग मिसरी थुंकताना लाल धागा दिसू लागला. तोंडाला कसला तरी वास यायचा, तो तिचा तिलाच जाणवायचा. मग एका सकाळी जिभेचं टोक डाव्या दाताला लागलं आणि दात हलला. फार नाही, कणभर. नीलम्मा जागच्या जागी थिजली. पुन्हा जीभ लावून बघायची हिंमत झाली नाही, आणि न लावता राहवेना. त्या दिवसापासून तिचा जीव त्या दोन दातांत टांगलेला राहिला. हिशेब लिहिताना, म्हैस पिळताना, देवाचं नाव घेताना जीभ तिकडंच जायची. आज कालच्यापेक्षा जास्त हलतो का? हसताना ती ओठ मिटून घ्यायची, भाकरी दुधात भिजवून एका बाजूनं गिळायची, शिंक आली तर तोंडावर हात दाबून धरायची. टँकर आला की ती गर्दीपासून लांब, पार लिंबाखाली जाऊन उभी राहायची.

डॉक्टरकडं जावं हे तिला कळत होतं. पण गेलं की खरं काय ते कळणार, आणि ते घरी सांगावं लागणार. गंगासागर आता केंद्राचं निम्मं काम बघत होती. बायनाबाईला जशास तसं उत्तर देत होती. चारा छावणीत जाऊन सभासदांच्या जनावरांची नोंद करून यायची आणि आल्यावर तिथल्या गमती सांगायची. दात पडले तर ही पोर परत भिंतीकडं तोंड करून बसेल. ह्या भीतीपुढं स्क्रूची भीती काहीच नव्हती. म्हणून नीलम्मानं कोणाला सांगितलं नाही. मिसरी लावली की हिरडीचा ठणका जरा थांबायचा, तेव्हा ती जास्तच लावू लागली. डबी लवकर संपायची. गंगासागर न कुरकुरता नवी भाजायची.

डावा दात पडला तो न्हाणीपाशीच. नीलम्मा मिसरी थुंकायला वाकली आणि दात स्क्रूसकट मोरीच्या दगडावर टण्णकन् वाजला. तिनं झडप घालून तो उचलला, मुठीत दाबला आणि वळून बघितलं. गंगासागर मागंच उभी होती, हातात डबी घेऊन.

गंगासागरनं सासूची मूठ उघडली, दात पाहिला, धुतला, स्वच्छ फडक्यात बांधला. ईश्वरप्पाला दोघींनी काही सांगितलं नाही. दुकानाचा माल बघायला जातो म्हणून सांगितलं आणि अंबाजोगाईची गाडी धरली. वाटेत गंगासागर एवढंच म्हणाली, की आत्या, सफाईत आपण कुठंच कमी पडलो न्हाई. ते ती दोन-तीनदा म्हणाली.

डॉक्टरबाईनं तोंडात दिवा धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हिरड्या काळ्या, हाड झिजलेलं, उजवा स्क्रूही सैल. तिनं विचारलं, ब्रश करता का. नीलम्माची नजर सुनेकडं गेली. मग काय लावता? तेव्हा गंगासागर पुढं झाली. तिनं पिशवीतून डबी काढली आणि जरा अभिमानानंच टेबलावर ठेवली.

"ही बघा. मी सोता भाजते, वस्त्रगाळ करते. दिसातून तीनदा, कधी कधी चारदा. एक दिस चुकवला न्हाई."

डॉक्टरबाईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबी परत खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, ही भाजलेली तंबाखू आहे. हाड स्क्रूला धरतं ते रक्तावर. ही लावली की तिथलं रक्त आटतं. मी तंबाखू विचारली, मिसरी म्हणून विचारलं नाही. ती चूक माझीही आहे."

नीलम्मानं सुनेकडं पाहिलं. टँकरपाशी घागर सुटली तेव्हाचा चेहरा होता तोच. रंग उडालेला, ओठ उघडे, डोळ्यांत ती लहान पोर. सासूचे दात आपण दुसऱ्यांदा पाडले, हे ती मनात म्हणत होती आणि ते भिंतीवर लिहिल्यासारखं वाचता येत होतं. नीलम्मा तिला काही बोलायला गेली आणि बोलता बोलता थांबली. तिला एकदम दुसरंच काही दिसलं. गंगासागर ह्या घरात आली तेव्हा जेमतेम सोळाची होती. माहेरच्या आठवणीनं रडून रडून तिचं डोकं धरायचं. तेव्हा सासूनंच, मायेनं, आपल्या डबीतली चिमूट तिच्या बोटावर ठेवली होती. लाव, डोकं थांबतं. त्याला आता किती वर्षं झाली? आणि ही दीड-दोन वर्षं तर ती सासूच्या बरोबरीनं तीनदा, चारदा लावत होती, सोबत म्हणून.

नीलम्मा खुर्चीतून उठली. दवाखान्यात ती स्वतःहून अशी कधी हलली नव्हती.

"बाई, माझं राहू द्या. आधी हिचं तोंड बघा."

गंगासागर नको नको म्हणत होती. माझं काही दुखत नाही म्हणत होती. नीलम्मानं तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरबाईनं दिवा ओढला, खालचा ओठ उलटवला आणि बघत राहिली. नीलम्मा डॉक्टरबाईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. माणूस काही नाही असं म्हणायला एवढा वेळ घेत नाही, हे तिला कळत होतं. ओठाच्या आत, जिथं मिसरी धरून ठेवायची सवय होती तिथं, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. घासून न जाणारा. डॉक्टरबाई म्हणाली, बहुतेक साधा असेल, पण बारीक तुकडा काढून लातूरला तपासायला पाठवते. तो शब्द तिनं उच्चारला नाही. त्या दोघींनीही नाही. गावात दोन-तीन माणसं त्यानं गेली होती, नाव घ्यायची गरज नव्हती.

आजवर नीलम्मा सुईला, घरघराटाला, हलणाऱ्या दाताला भ्याली होती. ती सगळी भीती पोरखेळ होती असं तिला आता वाटलं. सुनेच्या ओठाला टाका घालत होते तेव्हा ती बाहेर पाठ करून बसली नाही. आत उभी राहिली, गंगासागरचा पाय धरून. पाय गार होता.

अहवाल यायला दिवस लागणार होते. ते दिवस कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. ईश्वरप्पाला सांगावं लागलं. तो दुकानाच्या फळीवर नुसता बसून राहिला आणि रोज बायकोला स्वतः पाणी आणून देऊ लागला. मिसरीची डबी नीलम्मानं उकिरड्यात पुरली. दोघींची डोकी फुटायची वेळ आली, हात आपोआप डबीच्या कोनाड्याकडं जायचे. गंगासागर जेवण करायची, शेण काढायची, आणि मधेच लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत थांबायची. ते बघितलं की नीलम्मा हातातलं काम सोडून उठायची. मी घातली हिच्या तोंडात. दुसरं काही तिच्या मनात येतच नव्हतं.

त्यातच एका सकाळी केंद्रावर बायनाबाईनं नीलम्माच्या तोंडातली मोकळी जागा पाहिली. बायका दूध घेऊन उभ्या होत्या, निम्म्यांची बोटं तोंडात, सकाळची ती मिसरीचीच वेळ. बायनाबाई म्हणाली, पुन्हा? ह्या बारीला सुनेनं कशानं पाडले, हंड्यानं का कळशीनं? दोघी-तिघी हसल्या.

नीलम्मानं तोंडावरचा पदर काढला. ते खिंडार सगळ्यांना दिसलं, आणि ती बोलली तेव्हा हवा पूर्वीसारखीच फसफसली.

"तिनं न्हाई पाडले. पैल्याबारीबी न्हाई, आताबी न्हाई. मिसरीनं पाडले. आन तिच्या तोंडात मिसरी म्या घातली, ती पोर हुती तवा. आज तिच्या ओठाचा तुकडा लातूरला गेलाय बायनाबाई. आता हस."

बायनाबाईच्याच तोंडात बोट होतं. ते तिनं हळूच काढलं आणि लुगड्याला पुसलं. मग तिनं विचारलं, कावून गेलाय? आणि नीलम्मानं सगळं सांगितलं, रक्ताचं, हाडाचं, चट्ट्याचं, जसं डॉक्टरबाईनं सांगितलं होतं तसं. त्या दिवशी दूध मोजायला उशीर झाला आणि टेम्पोवाला खोळंबला. बायका एकमेकींना ओठ उलटून दाखवत होत्या.

अहवाल सांगायला डॉक्टरबाईनं दोघींना बोलावून घेतलं. पायऱ्या चढताना ह्या वेळी नीलम्माच पुढं होती. डॉक्टरबाई म्हणाली, की आज यात वाईट काही नाही. मिसरी सुटली तर चट्टा जाण्याची आशा आहे. नाही सुटली तर मी पुढचं काही सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि ह्या वेळी उद्यावर ढकलायचं नाही. मग ती नीलम्माला म्हणाली, की काकू, उजवा स्क्रूही आज काढून टाकते. हाड भरायला सहा-आठ महिने द्यायचे, मग परत बसवू. पण ब्रश खरा करायचा, दातांच्या बुडातून दोरा फिरवायचा, आणि मला सगळं खरं सांगायचं. नीलम्मानं मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसली. उजवा दात निघाला तेव्हा तिनं दांडा धरला नव्हता.

स्टँडवर घाटनांदूरच्या गाडीला वेळ होता. गंगासागर पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. नीलम्मा घाबरली. म्हणाली, चांगलं निघालं म्हणल्या ना बाई, आता कावून रडती?

"आत्या, तुमचे दोनी गेले. माझ्याच हातानं गेले. लोक खरंच म्हनत हुते."

नीलम्माच्या तोंडात कापूस होता. तो तिनं काढला, हातात धरला आणि सुनेकडं तोंड करून बसली. भर स्टँडात, पदर न लावता.

"दात गेले तर परत आनता येतेत गं. बाईनं तारीकबी दिली. तू गेली असती तर मी कुठं जाऊन बसवून घेतलं असतं?"

गंगासागर सासूच्या अंगावर कलली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच राहिली. नीलम्मानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. गाडी लागली, कंडक्टर दोनदा ओरडला, तरी तिनं तो सोडला नाही.